घर भागते का, हे विचारावे कसे?

डिसेंबरच्या अंकात आम्ही वाचकांना एकच प्रश्न विचारला होता : तुमच्या कुटुंबाच्या मिळकतीत तुमचे घर भागते का? उत्तरे आली, पण त्यांच्याहून अधिक पत्रे त्या प्रश्नालाच प्रश्न करणारी होती. हे विचारण्यात अर्थ आहे का, कोणाला विचारायचे आणि आलेल्या उत्तरावर किती विसंबायचे, असा त्यांचा एकूण सूर होता. त्यांतील पाच पत्रांना या वेळी उत्तरे देत आहोत. पत्रे संक्षिप्त केली असून लिहिणाऱ्यांची नावे त्यांच्याच इच्छेनुसार वगळली आहेत.

प्रश्न : आमच्या महिला मंडळाने गावातील 120 घरांची पाहणी करायचे ठरवले आहे. मदतीची गरज कोणाला आहे ते कळावे, एवढाच हेतू. सराव म्हणून 20 घरांत ‘तुमच्या मिळकतीत घर भागते का?’ असे विचारले, तेव्हा 17 घरांनी ‘भागते’ असे सांगितले. त्यांतील निदान आठ-नऊ घरांची दुकानात मोठी उधारी आहे, हे मला ठाऊक आहे, कारण दुकान माझ्या दिरांचे आहे. ही माणसे खोटे बोलतात का?
— मंडळाच्या सचिव, वाळपई परिसर

उत्तर : ताई, खोटे कोणीच बोललेले नाही, तुम्ही निवडलेल्या शब्दाने तुम्हाला चकवले आहे. ‘भागणे’ या आपल्या क्रियापदात पुरणे आहे तसे थकणेही आहे, आणि थकलेभागलेले घरही भागतच असते. पसरकाराकडे, म्हणजे किराणा दुकानदाराकडे, महिनाभर लिहून ठेवायचे आणि पगार झाला की फेडायचे, असे घर भागते. गणेशचवथीला फेडू म्हणून चार महिने लिहीतच राहणारे घरही त्या घरच्या बाईच्या हिशेबाने भागते. त्या 17 घरांत रोज चूल पेटते, एवढेच तुमच्या प्रश्नाने सांगितले. ती कशाच्या जोरावर पेटते, हे तुम्ही विचारलेच नव्हते.

तरुणपणी एका पाहणीसाठी मी डिचोली तालुक्यात घरोघर फिरत असे. एका घरी सुनेने कोरा चहा पुढे केला. सासू बाजूलाच सोप्यावर बसली होती. छापील कागदावरचा प्रश्न मी वाचताच सून म्हणाली, “भागतं हो, देवाच्या दयेनं काही कमी नाही.” मी रकान्यात खूण केली आणि पुढे गेलो. पुढचे प्रश्न वस्तूंचे होते. दूध किती घेता? पाव लिटर, तेही धाकट्यापुरते. औषधपाण्याला गेल्या महिन्यात किती गेले? यावर ती उठली आणि आतून, तांदळाच्या डब्याखालून, पसरकाराची अरुंद, लांबट वही घेऊन आली, कारण सासूच्या गोळ्यांसाठी दुकानदाराने रोख पैसे दिले होते आणि ते त्याच वहीत मांडलेले होते. तांदूळ, साखर, रॉकेल, साबण, आणि मध्येच ‘रोख 60, गोळ्या’. पूर्ण फेड झाल्याची शेवटची नोंद मागच्या चवथीच्या आधीची होती. चहा कोरा का होता, ते मला वही पाहिल्यावर उमगले. मागे जाऊन ती खूण मी खोडली नाही, कारण उत्तर तिचे होते. पण त्या दिवसापासून ‘भागते’ हे उत्तर वहीच्या सोबतीशिवाय वाचू नये, असे माझे मत झाले आहे.

यात भीड किती आणि सवय किती, हे वेगळे करणे कठीण असते. सवयीचे बळ किती असते, हे दाखवण्यासाठी अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी एका जुन्या पाहणीचा दाखला पुन्हा पुन्हा दिला आहे. बंगालच्या दुष्काळानंतर, 1944 मध्ये, कलकत्त्याजवळच्या सिंगूर भागात ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ हायजीन अँड पब्लिक हेल्थ या संस्थेने लोकांना त्यांच्या प्रकृतीविषयी विचारले. विधुरांपैकी 48.5 टक्क्यांनी आपण आजारी आहोत किंवा प्रकृती यथातथाच आहे असे सांगितले. विधवांपैकी असे सांगणाऱ्या अवघ्या 2.5 टक्के होत्या. त्या काळच्या बंगालात विधवांची प्रकृती विधुरांहून इतकी ठणठणीत असण्याचे काहीच कारण नव्हते. आपल्याला काही दुखते-खुपते आहे आणि ते कोणाला सांगण्याजोगे आहे, ही कल्पनाच त्यांच्या मनातून पुसली गेली होती. पैशांच्या बाबतीत नेमके हेच घडते. ज्याने मागण्याचे सोडून दिले आहे, त्याला कमी पडत नाही.

सरकारी पाहण्यांनाही हा अनुभव आलेला आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीने 1983 च्या 38 व्या फेरीत घरातील माणसांना दोन वेळचे पोटभर जेवण मिळते का, असे थेट विचारले होते. नंतरच्या फेऱ्यांत ‘नाही’ म्हणणारी घरे कमी कमी होत गेली, आणि त्याच काळात ग्रामीण भारतात माणशी उष्मांकांचे प्रमाणही घटत गेले. अँगस डीटन आणि ज्याँ द्रेझ या अर्थशास्त्रज्ञांनी 2009 मध्ये या विसंगतीची सविस्तर चर्चा केली. कष्टाची कामे कमी झाल्यामुळे शरीराची मागणी घटली असेल, हे त्यांनी मांडलेले एक कारण. तेव्हा लोकांचे उत्तर आणि ताटातले मोजमाप जुळत नाही म्हणून दोहोंपैकी एक खोटे ठरवण्याची घाई करू नये.

आता तुमच्या 120 घरांविषयी. होय-नाही सोडून द्यावे. युरोपीय संघाच्या घरगुती पाहणीत महिन्याची तोंडमिळवणी कशी होते, या प्रश्नाला सहा पायऱ्या दिलेल्या असतात : फार अडचणीने, अडचणीने, थोड्या अडचणीने, बऱ्यापैकी सहज, सहज, अगदी सहज. माझा अनुभव असा की ‘नाही’ म्हणायला जीभ रेटत नाही, तीच माणसे ‘थोड्या अडचणीने’ हे मात्र मोकळेपणाने सांगतात. त्यानंतर घर एकसंध न धरता एकेक बाब विचारावी. गेल्या बारा महिन्यांत औषध अर्धेच घेतले असे झाले का, वीजबिल मुदतीनंतर भरले का, सोने गहाण ठेवले का, मुलाच्या सहलीला नकार दिला का. आणि एक स्पष्ट सांगतो, राग मानू नये : उधारी असलेल्या घरांत तुम्ही स्वतः जाऊ नये. ज्याच्या वहीत आपले नाव आहे, त्याच्या भावजयीसमोर ‘पुरत नाही’ असे कोण म्हणेल? दुसऱ्या वाड्यावरच्या दोघी जणींना पाठवावे.

प्रश्न : मी एका पगारात पाच माणसांचे घर चालवले आणि कधी तक्रार केली नाही. माझा मुलगा वेर्ण्याला औषधांच्या कारखान्यात आहे, 80,000 रुपये हातात येतात, घरात माणसे तीन, तरी दर महिन्याला ‘पुरत नाही’ हे रडगाणे चालूच. गोव्याचे दरडोई उत्पन्न देशात सर्वांत वरच्या राज्यांत मोडते. अशा स्थितीत लोकांना ‘पुरते का’ असे विचारून त्यांचे लाड कशाला करायचे?
— निवृत्त शिक्षक, फोंडा

उत्तर : गुरुजी, आधी दरडोई उत्पन्नाचे पाहू. राज्यात वर्षभरात जे उत्पादन झाले त्याला लोकसंख्येने भागले की हा आकडा मिळतो, आणि त्यात कारखान्यांचा व हॉटेलांचा नफाही असतो, मग त्यांचे मालक मुंबईत राहोत की परदेशात. कोणाच्याही स्वयंपाकघरात तो आकडा त्या रूपात पोहोचत नाही. घराच्या अधिक जवळचे मोजमाप म्हणजे खर्चाचे. 2022-23 च्या घरगुती उपभोग खर्चाच्या पाहणीत ग्रामीण गोव्यात माणशी मासिक खर्च 7,367 रुपये होता आणि शहरी गोव्यात 8,734 रुपये. देशाची सरासरी अनुक्रमे 3,773 आणि 6,459 रुपये होती. म्हणजे आपले खेडे देशातील सरासरी खेड्याच्या जवळजवळ दुप्पट खर्च करते, पण आपले शहर देशातील सरासरी शहरापेक्षा सुमारे एकतृतीयांशानेच पुढे आहे. दरडोई उत्पन्नावरून डोळ्यांपुढे उभे राहणारे चित्र यापेक्षा बरेच झगझगीत असते.

आता ‘लाड’ या शब्दाकडे येतो. पुरेसे म्हणजे किती, हे ठरवण्याचा मान आपल्याकडे नेहमी बाहेरच्या जाणकाराला मिळाला. दादाभाई नौरोजींनी 1876 मध्ये हिंदुस्थानचे दारिद्र्य मांडताना तुरुंगातील कैद्यांच्या आणि परदेशी निघालेल्या मजुरांच्या शिध्यावरून जगण्याचा किमान खर्च काढला. पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी 1971 मध्ये माणशी रोज 2,250 उष्मांकांचा आधार घेतला. ही मोठ्या तोलाची कामे आहेत आणि त्यांच्यावाचून आपल्याला दारिद्र्याबद्दल धड बोलताही आले नसते. तरीही त्यांत ‘तुम्हाला पुरते का’ असे कुटुंबाला कोणी विचारलेले नाही.

नेदरलँड्समधील लायडन विद्यापीठाच्या अर्थशास्त्रज्ञांनी हे उलटे केले. खुदहार्ट, कापटाइन, फान प्राख आणि त्यांचे सहकारी यांनी 1977 च्या लेखात मांडलेली पद्धत समजायला सोपी आहे. कुटुंबाला विचारायचे, महिना कसाबसा काढायला तुम्हाला किमान किती पैसे लागतील? मग हा आकडा त्या कुटुंबाच्या खऱ्या मिळकतीशेजारी ठेवायचा. निव्वळ कल्पनेतले आकडे घेऊ. 15,000 मिळवणारे घर म्हणते, किमान 22,000 लागतील. 30,000 मिळवणारे म्हणते, 30,000 लागतील. 80,000 मिळवणारे म्हणते, 50,000 तरी हवेतच. मिळकत वाढते तशी ‘किमान’ची कल्पनाही वाढते, हे तुमच्या तक्रारीचे मूळ आहे आणि ते खरे आहे. परंतु ती मिळकतीच्या गतीने वाढत नाही, मागे पडत जाते. त्यामुळे कुठेतरी अशी मिळकत सापडते की जिथे हातातला आकडा आणि हवा असलेला आकडा एकच होतो. आपल्या उदाहरणात ती 30,000. तिच्याखालची घरे सर्वसाधारणपणे ‘पुरत नाही’ म्हणतात आणि वरची ‘पुरते’ म्हणतात. ही रेषा लोकांनीच आखलेली असते, आणि मजा अशी की त्यांच्यापैकी एकालाही आपण रेषा आखतो आहोत याची जाणीव नसते. श्रीमंताच्या अवास्तव ‘किमान’मुळे ती फारशी ढळत नाही, कारण दोन आकड्यांची गाठ तिथे पडतच नाही.

या पद्धतीने पाहिले तर तुमचे चिरंजीव रेषेच्या बरेच वर असतील, आणि तरी ‘पुरत नाही’ म्हणत असतील, तर त्यांना एक वेगळा प्रश्न विचारावा लागेल : 80,000 पैकी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात किती रक्कम आपोआप निघून जाते? गृहकर्जाचा हप्ता, गाडीचा हप्ता, पाळणाघर आणि शाळा यांचे मिळून 45,000 जात असतील, तर ते 35,000 मध्ये जगत आहेत आणि त्यांना 80,000 चा माणूस म्हणणे हा आपला अन्याय आहे. कदाचित त्यांतील निम्मे हप्ते हौसेचे निघतील, मग तुमचे म्हणणे खरे ठरेल. पण गुरुजी, एक विचारू का? आपण पाच माणसांचे घर चालवले ते ज्या घरात, ते घर आपण स्वतःच्या पगारातून विकत घेतले होते, की वडिलार्जित होते? माडाचे नारळ, परसातली भाजी, भाताचे एखादे कुणगे होते का? असल्यास ती मिळकत आपण पगारात धरली नव्हती. मुलाला ती धरायला मिळालेलीच नाही. फोंडा-मडगावच्या फ्लॅटला परसू नसते.

प्रश्न : पाहणीचा माणूस घरी आला तेव्हा यजमानांनी दारातच सांगितले, ‘आम्हाला पुरतं.’ मला कोणी विचारलेच नाही. त्यांना पुरते, कारण पुरवते मी. हे कुठे नोंदवायचे?
— गृहिणी, मडगाव

उत्तर : बहुतेक पाहण्यांत हे कुठेच नोंदवले जात नाही, कारण एका घरामागे एकच उत्तर घ्यायचे आणि जो समोर येईल त्याचे घ्यायचे, हा सोयीचा शिरस्ता आहे. दोघांना वेगवेगळे विचारावे, आणि एकमेकांचे उत्तर ऐकू येणार नाही अशा ठिकाणी विचारावे. नवरा ‘सहज’ म्हणतो आणि बायको ‘अडचणीने’ म्हणते, तेव्हा दोन्ही उत्तरांची सरासरी काढणे मला चुकीचे वाटते. तो फरकच जपून ठेवण्यासारखा असतो, कारण कमी पडण्याचा भार घरात कोणाच्या अंगावर आहे, ते तो दाखवतो. 2012 मध्ये सुरू झालेल्या आपल्या गृह आधार योजनेचे 1,500 रुपये थेट गृहिणीच्या खात्यावर जमा होतात. ते देताना सरकार उत्पन्नाचा दाखला पाहते, आणि ते योग्यच आहे, कारण भावनेवर अनुदान ठरवले तर सर्वांत सोशिक बाई सर्वांत आधी वगळली जाईल. मात्र त्या 1,500 रुपयांचे पुढे काय झाले, हे फक्त तिलाच विचारून कळेल. गॅस सिलिंडरला गेले की बचत गटात, की यजमानांच्या दुचाकीच्या पेट्रोलला, हे त्यांना कदाचित ठाऊकही नसेल.

प्रश्न : खाणी चालू होत्या तेव्हा माझा स्वतःचा ट्रक होता. आता मुलगा कळंगुटच्या किनाऱ्यावर शॅकमध्ये, म्हणजे पर्यटकांच्या तात्पुरत्या खानावळीत, काम करतो. जानेवारीत विचारलेत तर पुरते, जुलैत विचारलेत तर पुरत नाही. तुमच्या पाहणीला कोणता महिना लागू?
— एक वाचक, कुडचडे

उत्तर : आमची चूक तुम्ही बरोबर पकडली. आम्ही प्रश्न छापला तो डिसेंबरच्या अंकात, पर्यटनाचा हंगाम भरात असताना. त्यामुळे किनारपट्टीतून आलेली उत्तरे जुलैतल्या उत्तरांपेक्षा हसरी असणारच. गोव्याच्या किती घरांचे वर्ष असे दोन तुकड्यांत मोडलेले आहे ते पाहा. पावसाळ्याआधी शॅक मोडून ठेवावे लागतात. 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामुळे ट्रॉलरवर जाणाऱ्यांचीच नव्हे, तर बर्फवाल्यापासून मासळी विकणाऱ्या बाईपर्यंत सगळ्यांचीच आवक आटते. त्याच सुमारास शाळांची फी, वह्या-पुस्तके, रेनकोट. आणि हे कोरडे महिने संपता संपता चवथ येते, जो वर्षातला सर्वांत मोठा खर्च. माटोळीचे सामान, नेवऱ्यांचा खोबरे-रवा, मुलांचे कपडे, मूर्ती, गावाकडे येणाऱ्या भावंडांचे चार दिवसांचे जेवणखाण. मिळकतीचा तळ आणि खर्चाचे टोक असे शेजारी शेजारी यावेत, ही गोव्यातील हंगामी घरांची खास अडचण आहे. वर्षाच्या बेरजेला बाराने भागणारी कोणतीही पद्धत तिच्यावरून अलगद निघून जाते.

राष्ट्रीय नमुना पाहणीला हे सुचले होते. जेवणाच्या त्याच प्रश्नाला नंतर ‘वर्षभर मिळते, काही महिने मिळते, कधीच पुरेसे मिळत नाही’ असे पर्याय देण्यात आले आणि काही महिने असतील तर कोणते, हेही विचारले जाऊ लागले. महिन्याचा परिणाम खिशापुरता थांबत नाही, असेही एका अभ्यासाने दाखवले आहे. तमिळनाडूतील 464 ऊस शेतकऱ्यांना तोडणीच्या आधी आणि नंतर अशा दोन वेळा बुद्धीच्या चाचण्या दिल्या, तेव्हा तोडणीपूर्वी, म्हणजे हात आखडलेला असताना, त्याच माणसांची कामगिरी खालावलेली दिसली. हा अभ्यास 2013 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि त्यावर नंतर वादही झाले. तरी माणूस तोच आणि महिना वेगळा, ही त्याची मांडणी मला आपल्या शॅकवाल्यांसाठी फार उपयोगाची वाटते. आम्ही हाच प्रश्न जुलैच्या अंकात पुन्हा छापणार आहोत.

तुमच्या ट्रकची गोष्ट मात्र हंगामाहून वेगळी आहे. हंगाम जातो तो परत येणार, हे ठाऊक असते आणि त्या बेताने घर बांधून घेता येते. खाणी 2012 मध्ये थांबल्या, मध्यंतरी सुरू झाल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2018 मध्ये खाणींची 88 लीज (खाणपट्टे) रद्द ठरवल्यानंतर त्या वर्षीच्या 16 मार्चपासून पुन्हा बंद पडल्या. या काळात सांगे, धारबांदोडा, डिचोली, सत्तरी भागांतील कित्येक घरांत ट्रक दारात उभा आणि हप्ता चालू, अशी स्थिती होती. अशा घराला ‘या महिन्यात पुरले का’ असे विचारणे अपुरे आहे, कारण उद्याची धास्ती त्या उत्तरात येतच नाही.

ही धास्ती मोजायला एक साधा प्रश्न आहे. अमेरिकेची मध्यवर्ती बँक 2013 पासून तिथल्या कुटुंबांना विचारते की अचानक 400 डॉलरचा खर्च आला तर तो कसा भागवाल. पहिल्या वर्षी जवळजवळ निम्म्या लोकांनी तेवढी रक्कम रोख किंवा रोखीच्या तोडीची आपल्याकडे नसल्याचे सांगितले होते. देश श्रीमंत असून हे उत्तर, म्हणून ते गाजले. जागतिक बँकेच्या पाहणीतही 30 दिवसांत आणीबाणीची रक्कम उभी करता येईल का, असे विचारतात. आपल्याकडे तो असा विचारावा : उद्या घरातल्या कोणाला बांबोळीच्या सरकारी इस्पितळात न्यावे लागले आणि जाण्या-येण्याचे, सोबत राहणाऱ्याचे, बाहेरून आणायच्या औषधांचे मिळून 10,000 रुपये लागले, तर ते कोणाकडून आणाल आणि किती दिवसांत? ‘बँकेतून, आज’ असे म्हणणारा आणि ‘मेहुण्याला विचारून पाहतो’ असे म्हणणारा, या दोघांची जानेवारीतली मिळकत अगदी सारखी असू शकते.

प्रश्न : महाविद्यालयातील प्रकल्पासाठी मी गूगल फॉर्म बनवला आहे. आधी महागाई, पेट्रोल आणि सरकारी धोरणे यांवर प्रश्न आहेत आणि शेवटी ‘तुमची आर्थिक स्थिती 1 ते 10 मध्ये कुठे आहे?’ असा. क्रमाने फरक पडतो का?
— विद्यार्थिनी, म्हापसा

उत्तर : पडतो, आणि तुमच्या अंदाजापेक्षा बराच जास्त. आपले आयुष्य कोणत्या पायरीवर आहे ते सांगण्यासाठी मानसशास्त्रज्ञ हॅडली कँट्रिल यांनी 1965 मध्ये रूढ केलेली शून्य ते दहा पायऱ्यांची शिडी गॅलप ही जनमत पाहणी करणारी संस्था अमेरिकेत 2008 पासून रोज लोकांपुढे ठेवत असे. अँगस डीटन यांनी 2012 मध्ये ती उत्तरे तपासली, तेव्हा असे दिसले की शिडीच्या आधी राजकारणावरचे प्रश्न आले की लोक स्वतःला सरळ खालच्या पायरीवर ठेवतात, आणि हा फरक त्या वर्षांतल्या आर्थिक मंदीच्या परिणामाशी तुलना करावी इतका मोठा होता. तुमच्या फॉर्ममध्ये पेट्रोलवर चिडलेला माणूस शेवटच्या प्रश्नाशी पोहोचेल तेव्हा तो स्वतःच्या घराचे उत्तर देत नसेल. तो प्रश्न सर्वांत आधी घ्यावा.

पायऱ्यांपेक्षा तुलना सोपी जाते, असेही सुचवतो. रिझर्व्ह बँकेच्या ग्राहक विश्वास पाहणीत मुंबई-नागपूरसारख्या शहरांतील कुटुंबांना वर्षभरापूर्वीपेक्षा मिळकत, खर्च, किमती वाढल्या की घटल्या आणि पुढच्या वर्षी काय होईल, असे विचारतात. त्यावरून निघणाऱ्या निर्देशांकात 100 ही मधली रेषा असते. ‘मागच्या चवथीपेक्षा या चवथीला हात सैल होता की आखडता?’ हे म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कोणीही चटकन सांगेल. ‘दहापैकी सहा’ म्हणजे काय, हे मात्र तुमच्या आजीला समजावताना दमछाक होईल. फॉर्म मोबाईलवर असल्यामुळे आजी तो भरणारही नाही, म्हणून निदान काही घरांत स्वतः जावे. कोकणी बोलणाऱ्या घरी शब्द आधी तपासून घ्यावा. ‘पुरो’ म्हटल्यावर काही जणांना ‘पुरेसे’ ऐकू येते आणि काहींना ‘बस झाले, आता थांबा’.

फॉर्म सगळीकडे पाठवण्याआधी पाच घरांत तो तोंडी विचारून पाहावा आणि उत्तर मिळाल्यावर लगेच पुढचे विचारावे : ‘पुरतात’ म्हणताना तुम्ही कोणकोणते खर्च धरले होते? मी हे एकदा एका गृहस्थांना विचारले. त्यांनी बोटांवर मोजत किराणा, वीज, दूध, गाडीचे तेल, देवळाची वर्गणी असे सगळे सांगितले. मुलीच्या कॉलेजची फी त्यात नव्हती. ती का धरली नाही असे विचारले, तेव्हा ते म्हणाले, “ती भाऊ भरतो, कुवेतहून.”